डिकीवरचं नाव

बाबांच्या सिटीत बसायचं म्हणजे आधी अंग खाली सोडायचं, मग डोकं आत घ्यायचं, मग पाय. बॉनेट इतकं उतरतं आहे की बसल्यावर ते दिसतच नाही; नुसता रस्ता अंगावर येतो. दार लावलं की पातळ पत्र्याचा हलका आवाज होतो. माझं लहानपण त्या आवाजात आहे.

होंडानं ही गाडी १९९८ मध्ये आपल्याकडे आणली. पुढे तिला व्हीटेक इंजिन मिळालं, १०६ अश्वशक्तीचं, आणि बाबांनी कर्ज काढून तीच घेतली. मुंबईहून परतताना खोपोली मागे पडली की ते पाय दाबायचे. इंजिन आधी गुणगुणायचं, काटा वर चढला की सूर पालटायचा आणि गाडी घाटात झेपावायची. त्या वेळी बाबांच्या चेहऱ्यावर हप्त्यांची काळजी मी कधी पाहिली नाही.

२००३ मध्ये त्याच नावाची दुसरी गाडी आली. उंच, फुगीर, आतून ऐसपैस. इंजिन तेवढंच, दीड लिटरचं. ताकद मात्र ७७ वर उतरलेली. चार सिलिंडरना आठ स्पार्क प्लग, आणि सगळी हुशारी पेट्रोल वाचवण्यात लावलेली. शोरूममध्ये बाबा हळहळले. आई मागच्या सीटवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "अहो, ही माणसांसाठी केलीय." मला दोघांचंही पटलं होतं.

मग २००८ ची आली, बाणासारखी निमुळती, गेलेली ताकद परत घेऊन. २०१४ मध्ये रोज लांबचा पल्ला मारणाऱ्यांसाठी डिझेल आलं. २०२० ची सिटी साडेचार मीटरच्याही पुढे गेली, आणि दोन वर्षांनी तिच्यात पेट्रोलच्या जोडीला विजेची मोटर आली. नाव मात्र तेच. मुळात हे नावसुद्धा जपानमध्ये १९८१ साली एका चिमुकल्या हॅचबॅकचं होतं. घडी होणारी छोटी स्कूटर तिच्या मागच्या भागात मावायची. पुण्यात वाडा पाडून इमारत उभी राहते आणि दारावर जुन्या वाड्याचंच नाव लागतं, तसं हे नाव गाडीगाडीवर चढत आलं. आपल्याला कधी वेग हवा होता, कधी बचत, कधी दिमाख. जे मागितलं ते या नावाखाली येत गेलं.

आता सगळ्यांना उंचावर बसायचंय. एसयूव्हींच्या रांगेत आमची सिटी एवढीशी दिसते. एके काळी ती आली की वॉचमन धावत फाटक उघडायचा. ते दिवस गेले, याचं मला वाईट वाटतं. पण उंच गाडीकडे वळणाऱ्या माणसांवर राग धरता येत नाही, कारण बाबांचे गुडघे मी रोज बघते. खाली बसताना ते दाराची चौकट घट्ट धरतात, श्वास रोखतात.

परवा मी त्यांच्या सीटवर एक कडक उशी ठेवली, दोन इंच जाड. बाबा बसले, जरा हलले, मग पाठ टेकून समोर पाहू लागले.

"बॉनेट दिसतंय गं," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.