नवशिक्याचा कॅमकॉर्डर

२००५ साली मी मोठ्या हौसेने नवशिक्यांसाठीचा कॅमकॉर्डर घेतला. मिनी-डीव्ही टेप तासभर चाले आणि बटण दाबताच दूरचे माणूस जवळ येई. गुण एवढेच. अवगुण मात्र पुष्कळ! दिवेलागणीनंतर चित्र दाणेदार येई, टेप संगणकावर उतरवायला पुरता तास लागे. आणि त्या यंत्राच्या कानाला समोरच्यापेक्षा जवळचेच अधिक ऐकू येई.

भाचीच्या बारशाला पाळणा म्हणणाऱ्या बायका दूर राहिल्या, माझ्यामागे उभ्या असलेल्या आईचा आवाज तेवढा स्पष्ट उतरला, "अरे, ठेव तो डबा. पान वाढलंय." तेव्हा मी चिडलो होतो.

कॅमेरा दिसला की आई स्वयंपाकघरात पळे. आता ती नाही. तिचे चित्र एकाही टेपवर नाही. आवाज मात्र त्या अवगुणानेच राखला आहे.