बारभाई आणि कोलकात्याचे पाच

कोणी ठरवले, असे विचारले की 'सगळ्यांनी मिळून' हे उत्तर येते. त्यात खोटे काही नसते. सगळे खरोखरच बसलेले असतात. इतिवृत्तात ठराव, तारीख, हजर असलेल्यांची नावे, सारे नीट असते. कोणाला काय पटले नव्हते, तेवढेच नसते. पुढे त्या ठरावाचा ज्याला फटका बसतो, त्याला कोणाच्या दारात उभे राहावे तेच कळत नाही. हे मला गेले काही दिवस स्वस्थ बसू देत नाही.

'बारभाईची शेती, काय लागेल हाती' ही म्हण मनात येते आणि तिथेच अडकते. धनी एक असावा, त्याने बांधावर उभे राहावे, म्हणजे पीक येते, हे ती ठामपणे सांगते. पण म्हणीत ज्यांचे नाव घ्यावे असे आपले खरे बारभाई आठवले की तिचा ठामपणा पटेनासा होतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका राघोबादादा यांना गादी पचू द्यायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे अशी माणसे एकत्र आली. त्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने या मंडळींनी दौलत चालवली. शेती बारभाईची होती, आणि हाती लागले ते काही थोडे नव्हते.

मी ज्या शहरात राहते, तिथे त्याच वर्षी दुसरी एक मंडळी जमली. रेग्युलेटिंग ॲक्टने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर कोलकात्यात पाच जणांचे कौन्सिल नेमले होते. वॉरन हेस्टिंग्ज आणि बारवेल इथलेच. क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस १७७४ च्या ऑक्टोबरात जहाजाने उतरले. हेस्टिंग्ज नावाला गव्हर्नर जनरल. मत मात्र एकच. तीन विरुद्ध दोन, असे जवळजवळ दोन वर्षे चालले. मुंबईकर इंग्रजांनी परस्पर राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तो कोलकात्याने मोडीत काढला आणि कर्नल अप्टनला पुरंदरावर धाडून बारभाईंशी १७७६ मध्ये नवा तह केला. शाखेने केलेला करार मुख्य कचेरीने फिरवला. मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मॉन्सन वारला. दोन विरुद्ध दोन झाले, अध्यक्षाचे जादा मत हेस्टिंग्जच्या कामी आले, आणि पुढे बंगालची फौज मराठ्यांविरुद्ध मुंबईच्या मदतीला निघाली. कोलकात्यातल्या एका मृत्यूने पुण्यापुढचे संकट बदलले. एवढे मोठे राज्यकारण एका डोक्याच्या बेरीज-वजाबाकीवर चालावे याची मला आजही भीती वाटते.

पण या पाचांची एक रीत मला भुरळ घालते. ज्याला पटले नाही तो आपला विरोध स्वतःच्या नावाने, कारणांसह, दप्तरात नोंदवी, आणि तो कागद जहाजाने लंडनला जाई. फ्रान्सिसने पानेच्या पाने लिहिली. अडीचशे वर्षांनीही कोण काय म्हणाला ते आपल्याला कळते. आमच्या बैठकांत हे हवे, असे मी मनाशी ठरवूनच टाकले होते.

अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाताना ड्युएल ॲव्हेन्यू नावाचा रस्ता लागतो आणि तो निश्चय डळमळतो. मराठ्यांशी चाललेल्या युद्धावरूनच हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस या दोघांचे पुरते फाटले. फ्रान्सिसचा शब्द विश्वासाचा नाही, असे हेस्टिंग्जने रीतसर नोंदवले, आणि १७ ऑगस्ट १७८० च्या पहाटे दोघे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. फ्रान्सिस जखमी झाला. विलायतेला परतल्यावर त्याने हेस्टिंग्जविरुद्ध सामग्री पुरवली. १७८८ पासून १७९५ पर्यंत महाभियोग चालला आणि शेवटी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. लिहून ठेवलेला विरोध प्रामाणिक असतो, पण तो जपून ठेवलेले हत्यारही असतो. दोन्हींतला फरक लिहिणाऱ्याला तरी त्या क्षणी कळत असेल का?

लंडनने कौन्सिलमधल्या भांडणांवर काढलेला उपाय आपल्या म्हणीचाच होता. १७८६ मध्ये गव्हर्नर जनरलला कौन्सिलचे मत डावलण्याचा अधिकार दिला. पुढच्या शतकात याच शहरातल्या क्लाइव्ह स्ट्रीटवर मॅनेजिंग एजन्सीची पेढी बसली. ताग, कोळसा, चहा अशा कितीतरी कंपन्यांचा कारभार एकाच पेढीच्या हाती. तिथे निर्णय झटपट होत, पण भागधारकाला विचारायची सोय नव्हती. १९७० मध्ये कायद्यानेच ती पद्धत संपवली. याच शहरातल्या व्यवस्थापन संस्थेतून तोवर नव्या रीतीने शिकलेली मुले बाहेर पडू लागली होती. आज अनेक कंपन्यांत एकेका कर्मचाऱ्याला दोन-तीन वरिष्ठ असतात. म्हणजे पुन्हा बारभाईच.

तरी वडगाव विसरता येत नाही. १७७९ च्या जानेवारीत तिथे शरण आलेल्या मुंबईच्या फौजेचे नेतृत्वही एका समितीकडे होते. बारभाईंनी समितीला हरवले, असे म्हणावे, तर तोवर बारभाई तरी कुठे उरले होते? त्र्यंबकराव लढाईत पडले होते. बारभाईंतल्याच मोरोबांनी उलटून पाहिले आणि ते कैदेत गेले. वडगावच्याच वर्षी पुढे सखारामबापूंनाही नानांनी कैदेत टाकले. जिंकले ते अनेकांचे शहाणपण, की अनेकांतून उरलेला एकटा नाना? आणि तो एकटा १८०० मध्ये गेल्यावर तिसऱ्या वर्षाच्या आत वसईचा तह झाला. मग एका धन्याची शेती तरी पिकली असे कसे म्हणू?

मला नाव हवे आहे, एवढे खरे. चुकले तर कोणाला विचारायचे ते कळायला हवे. पण ते नाव मागताना मी जबाबदारी मागते आहे की बळी, हे मला आता पहिल्याइतके छातीठोकपणे सांगता येत नाही.