रोहिदासाची आई

निमोण्यात कांदाकाटणी उरकली आणि आईला जरा उसंत मिळाली, तेव्हा एका संध्याकाळी तिला लॅपटॉपवर फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. जेवढा शिल्लक आहे तेवढाच. आईला अक्षरओळख नाही. पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवायला लागलो तर म्हणाली, "गप बस रं, मला ठावं हाय समदं." कीर्तनात हे आख्यान तिनं कितीदा ऐकलंय. राजा रोहिदासाला तिरंदाजी शिकवतो, तारामती शेजारी उभी राहून बघते. तिथंच आई पुढं सरकली. "हा तर बाप्या हाय!"

बरोबर ओळखलं. १९१३ साली कॅमेऱ्यापुढं उभी राहायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. रोहिदास मात्र फाळक्यांचा स्वतःचा मुलगा, भालचंद्र. चित्रीकरणात हे पोर खडकावर पडलं, डोक्यातून रक्त आलं, शुद्ध हरपली. प्रसंग रोहिदासाच्या मरणाचाच होता, म्हणून फाळक्यांनी काम थांबवलं नाही, असं सांगतात. सांगतात ते जिद्दीचा दाखला म्हणून. आईनं विचारलं, "त्याची खरी आई कुठं व्हती?"

मग सरस्वतीबाईंचं सांगितलं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर. कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. दिवसभराचं उरकलं की अंधारात बसून तिच्या कडांना भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची. घरात लहान लेकरं. भारतीय चित्रपटाचा जन्म या बाईच्या जागरणांवर झालाय, आणि तिचं नाव आपण फारसं घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आई ऐकत होती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. थोरल्याला बाभळीखाली गोधडीवर निजवायची. एकदा कपची उडून त्याच्या कपाळात घुसली. "पदर फाडून बांधला आन् पुन्हा हातोडा घेतला," ती म्हणाली. "हजेरी बुडाली तर रातच्याला खायचं काय?"

तोवर पडद्यावर शंकर प्रकटले होते, रोहिदास उठला होता. आईनं हात जोडले.

"ते पोरगं वाचलं ना रं?"

"वाचलं."

"मग रातच्याला तिनं त्याला मांडीव घेतलं आसंल, का भोकं पाडाया बसली आसंल?"