सरव्याचं फ्रेंच

आपल्याकडे शाळेत फ्रेंच घेतलं जातं ते बहुधा गुणांसाठी. संस्कृतात जास्त पडतील की फ्रेंचमध्ये, एवढ्यावर निवड ठरते. निकाल लागला की वह्या रद्दीत जातात आणि पाठ केलेले क्रियापदांचे तक्ते पावसाळा संपायच्या आत विसरले जातात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती एक अख्खी भाषा येते आणि तिच्यातून त्याला स्वतःचं एक वाक्यही बोलायला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून रामवाडीत घरच्या पडवीत नववी-दहावीची मुलं फ्रेंचला येतात, तेव्हा मी पुस्तक उशिरा उघडते. आधी आल्बेर लामोरिसचा १९५६ सालचा लाल फुग्याचा सिनेमा लावते. चौतीस मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. पॅरिसच्या गल्ल्यांतून एका मुलामागे फुगा फिरतो. पुढे काय होणार ते मुलांना सांगायचंच असतं, आणि सांगण्याची घाई असली की शब्द मागून का होईना, येतात.

पण खरं काम झालं ते आन्येस वार्दाच्या माहितीपटाने. सन २०००चा. कापणी झालेल्या शेतात उरलंसुरलं वेचणाऱ्या बायांचं एक चित्र चित्रकार मिलेने १८५७ साली काढलं होतं. तिथून निघून वार्दा हातात मावेल असा छोटा कॅमेरा घेऊन फ्रान्सभर फिरते. टाकून दिलेले बटाटे, बाजार उठल्यावर पडलेली भाजी, आणि ती वेचणारी माणसं. मधेच ती स्वतःच्या सुरकुतलेल्या हातावर कॅमेरा धरते. बदामाच्या आकाराचे बटाटे घरी नेऊन ठेवते. हे पाहताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी सरवा वेचायची."

मग ठरलं, आपणही सिनेमा करायचा. भातकापणी होऊन गेलेली होती. मोबाइल घेऊन मुलं आपापल्या आज्यांकडे गेली. झोडणीनंतर खळ्याच्या कडेला राहिलेले दाणे, बांधालगत गळलेल्या लोंब्या, ते सगळं ओच्यात घालून घरी आणणं. कोणत्या शेतात आता गोदाम उभं आहे, हेही एका आजीने हात लांब करून दाखवलं. बोलणं सगळं तिथल्या बोलीत, खाली ओळी फ्रेंचमध्ये द्यायच्या. इथे मुलं अडली. आजी एकदा घडलेलं सांगत नव्हती. जायचो, वेचायचो, सडायचो असंच तिचं सगळं. फ्रेंचमधला अपूर्ण भूतकाळ नेमका याच कामाचा. इंग्रजीच्या वाटेने शिकवला की मुलं त्याच्यात हमखास चुकतात. मराठीतून थेट गेलं तर वाट सरळ आहे. त्या आठवड्यात एकालाही तक्ता पाठ करावा लागला नाही.

विनोबांचं गागोदे आमच्याच पेण तालुक्यातलं. बडोद्याच्या हायस्कुलात त्यांनी फ्रेंच घेतलं तेव्हा आईने संस्कृत का नाही, असं विचारलं आणि ते संस्कृताकडे वळले. त्या माउलीचं म्हणणं मला रास्त वाटतं. मुलगा शिकतोय ते घरातल्या माणसापर्यंत पोचत नसेल, तर घरातलं माणूस विचारणारच. मला फ्रेंच सोडायचं नाही, पण ते चुलीपाशी बसलेल्या आजीपर्यंत पोचलं पाहिजे, असं फार वाटतं.

आमचा सिनेमा नऊ मिनिटांचा झाला. आवाज वाऱ्याने भरलेला, दोन ठिकाणी ओळी उशिरा येतात. गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीवर पुढचा करू, असं मुलं म्हणताहेत. मूर्ती घडवणारी हमरापूर, जोहे ही गावं जवळच आहेत. पण त्याआधी एक काम राहिलंय. पडवीत सिनेमा दाखवला तेव्हा सोबत वार्दाच्या माहितीपटातले तुकडेही लावले होते. ते पाहून एका आजीने विचारलं, "तिथले मालक वेचू देतात का गं?" वार्दाने त्याचंही उत्तर टिपून ठेवलं आहे: अंगात झगा, हातात कायद्याचं पुस्तक, असा एक वकील भर शेतात उभा राहून १५५४ सालच्या फर्मानापासूनचा वेचण्याचा हक्क सांगतो. कापणी झाल्यावर, उजेड असेपर्यंत. आजींना ते पटलं, पण त्यांचा दुसरा प्रश्न तयारच होता: मालकाने आधीच गुरं सोडली तर? येत्या रविवारी मुलं तो प्रश्न फ्रेंचमध्ये लिहून आणणार आहेत.