आकाशातून मोजू या तळ्याचे पाणी



पावसाळा सरला की गावोगाव एकच वाद रंगतो : तळ्यात पाणी आहे तरी किती? वरच्या अंगाचा म्हणतो, भरपूर आहे. शेवटच्या विहिरीवाला म्हणतो, पुरणार नाही. वादाच्या भरातच उन्हाळी भुईमूग पेरला जातो आणि एप्रिलमध्ये शेंगा भरायच्या वेळी विहिरी तळ दाखवतात. बियाणे, खत, मजुरी सारे मातीत जाते.

हा वाद मोजून मिटवता येतो. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेचा पहिला उपग्रह २०१५ साली आकाशात गेला. त्यांची छायाचित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. म्हणजेच एक आर, जवळजवळ आपला एक गुंठाच!

पाणी वेगळे काढायचे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे चित्र घ्यावे. पाणी हे किरण गिळते म्हणून काळे दिसते. हिरवे पीक ते परतवते म्हणून उजळ दिसते. चित्र मूळ मापातच उतरवावे, लहानमोठे करू नये. मग फोटो सुधारण्याच्या संगणक कार्यक्रमात ते उघडावे. 'गिंप' हा असा फुकटचा कार्यक्रम आहे. त्यात 'जादूची कांडी' म्हणतात ते हत्यार असते. पाण्यावर टिचकी मारली की त्याला लागून असलेले त्याच रंगाचे ठिपके निवडले जातात. रंगात किती फरक चालवायचा तो आकडा कमी ठेवला तर काठ सुटतो; जास्त ठेवला तर निवड शेजारच्या रानात पसरते. थोडा थोडा वाढवीत जावे. निवडलेले ठिपके कार्यक्रमच मोजून देतो. शंभर ठिपके म्हणजे एक हेक्टर पाणी.

पण ध्यानात ठेवा, कांडीला रंग कळतो, पाणी कळत नाही! डोंगराची सावली, ढगाची सावली, जळालेले रान हेही तिला पाणीच वाटते. उलट जलपर्णीने झाकलेले पाणी तिला हिरवे शेत वाटते. पावसाळ्यातले गढूळ पाणी उजळ दिसून निसटते. काठावरचे ठिपके अर्धे पाणी, अर्धी माती असे मिसळीचे असतात. म्हणून तळे पायाखालचे असलेला माणूस संगणकाशेजारी बसवावा. गुराखी असला तरी उत्तम. पाणकणीस कुठे माजले आहे ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

दुसरी गोष्ट, चित्रात पसारा दिसतो, खोली दिसत नाही. गाळ साचलेले तळे तेवढेच पसरलेले दिसते, पण त्यात पाणी कमी असते. तेव्हा चित्राबरोबर तळ्यातल्या मोजपट्टीचा आकडाही लिहावा. आकाश निरभ्र असेल ते दिवस निवडून नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी अशी तीन चित्रे घ्यावीत. पाणी कोणत्या चालीने आटते आहे ते त्यातून दिसते. मागच्या दुष्काळी सालाची चित्रेही मिळतात. तीही शेजारी ठेवावीत.

कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम एका संध्याकाळी करील. ती चित्रे पेरणीपूर्वी ग्रामसभेत मांडा. ज्याची विहीर शेवटी आहे त्याला पहिल्यांदा पाहू द्या. मग सगळ्यांनी मिळून ठरवा : भुईमूग किती एकर, आणि गुरांसाठी व माणसांसाठी पाणी किती राखायचे. अंथरूण पाहून पाय पसरावे. आता ते अंथरूण मोजणे आपल्या हाती आले आहे.