फॉलो-थ्रूचं भांडण

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलेत, भांडण मात्र माझं स्वतःचं आहे!

भांडण माझ्या आतेभावाशी. दादा बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि रविवारी टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. आम्ही पालघरचे, म्हणजे शार्दूल ठाकूर हा घरचाच विषय. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला त्याने कमिन्सला षटकार मारून खातं उघडलं आणि ६७ धावा काढल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओव्हलवर ३१ चेंडूंत अर्धशतक. दादाच्या मते ही सगळी कमाल फॉलो-थ्रूची. "बॉल लागला तरी हात थांबवायचा नाही. बॅट पुढे गेली की बॉल पुढे जातो."

आता हिशोब बघा. बॅट ताशी १०० किलोमीटर वेगाने फिरतेय. लेदरचा चेंडू तिला चिकटून राहतो साधारण एक सहस्रांश सेकंद. तेवढ्यात बॅट सरकते जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. "लागला" हे हाताला कळेपर्यंत चेंडू कधीच निघून गेलेला असतो. मग बॅट खांद्यावर न्या नाहीतर खाली टाका, चेंडूला काय त्याचं?

हाच वाद गोल्फवाले कित्येक वर्षं घालतायत. तिथे तर चेंडू काठीला अर्धा सहस्रांश सेकंदच टेकतो. १९६८ मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी गोल्फच्या स्विंगवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनी स्विंगचे दोन दांडे कल्पिले: वरचा हातांचा, खालचा काठीचा, आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. आपल्या मेकॅनिक्सच्या पेपरातला डबल पेंड्युलमच की!

एवढं ऐकून दादा म्हणाला, "तू शिकलेली, तुझंच खरं." बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे त्याचं शिक्षण सुटलं. आमचा प्रत्येक वाद याच वाक्यावर संपतो, आणि असं जिंकणं मला अजिबात आवडत नाही. म्हणून म्हटलं, "दादा, तू सांग ना, हात थांबवला तर काय होतं?"

तो म्हणाला, "पूर्ण जोरात फिरव आणि बॉलच्या जागेवर थांबवून दाखव."

तुम्हीही कॉरिडॉरमध्ये करून बघा (ट्यूबलाइट सांभाळून!). जमत नाही. जिथे थांबायचं, त्याच्या बरंच आधी हात ब्रेक लावायला लागतो. म्हणजे थांबायचं ठरवलं की चेंडूवर पोचतानाच वेग कमी. फॉलो-थ्रू चेंडूला ढकलत नाही, पण तो मनात असला तरच बॅट पूर्ण वेगात चेंडूपर्यंत येते.

माझं गणित चेंडूबद्दल होतं, दादाचं वाक्य हाताबद्दल. दोन्ही खरी. वर्कशॉपमध्ये सर सांगतात, "फाइल पुढे नेताना दाब, मागे आणताना सैल." ते आपण निमूट ऐकतो, कारण ते सर आहेत. तेच एखाद्या शिफ्टवाल्या दादाने सांगितलं की मात्र आपण फॉर्म्युला मागतो. फॉर्म्युला जरूर शोधावा, पण आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं.

परवा दादाचा फोन आला. "लेदरचं सांगितलंस, आमच्या टेनिस बॉलचं काय? तो तर दबतो." अगदी बरोबर पकडलं! मऊ बॉल बॅटला जास्त वेळ टेकतो, तरी सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा कमीच.

"तुझंच खरं" या वेळी तो म्हणाला नाही. म्हणाला, "रविवारी ये, बघू."