तीर्थ देव्हाऱ्यात, साबण दाराशी

कर्नाटकातल्या नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराला भाविक वैद्य मानतात. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे इथे बरे झाले, तेव्हापासून देवाला ‘हकीम नंजुंड’ म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे घरात कोणी केमोथेरपी घेऊन आलं, की पाहुणे कपिला नदीचं तीर्थ घेऊन भेटीला येणारच. शुश्रूषेला येणाऱ्या सिस्टरची कसोटी तिथे लागते. तीर्थ नाकारायचं नाही, पण रुग्णाच्या ओठांनाही लागू द्यायचं नाही. ते देव्हाऱ्यात ठेवायचं. गावचं नावाजलेलं रसबाळे केळं मात्र चालतं. आधी केळं धुवायचं, मग हात, मगच सोलायचं.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते. पू व्हायलाही याच पेशी लागतात. त्या नसल्या की जखम फारशी लाल होत नाही, सूजही बेताचीच. १००.४ अंश फॅरनहाइट ताप हीच कित्येकदा एकमेव वर्दी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं; रात्री दोनला का होईना, रुग्णालय गाठायचं.

संसर्ग पुष्कळदा मायेच्या माणसांच्या हातूनच येतो, हे घरच्यांना पटवणं सर्वांत अवघड.

नंजनगूडला ते समजायला वेळ लागू नये. इथे औषधांचे कारखाने आहेत. तिथला कामगार टोपी, मास्क, हातमोजे घालतो ते बरंचसं औषधाला माणसापासून जपायला. रुग्णाच्या खोलीतही तेच करायचं असतं. २६ मार्च २०२० रोजी इथल्या ज्युबिलंट औषध कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला कोविड झाल्याचं जाहीर झालं. पुढे संसर्गाची ही साखळी सत्तर रुग्णांपार गेली, हजाराहून अधिक कामगार घरात अडकले. ज्या घरांत डायलिसिसचे किंवा कर्करोगाचे रुग्ण, त्यांच्यासाठी दाराशी साबण ठेवणं तेव्हापासून उपचाराचाच भाग झालं.

केमोसाठी दंडातल्या शिरेत बसवलेल्या नळीचं, म्हणजे पिक लाइनचं, तोंड उघडण्याआधी सिस्टर स्पिरिटच्या स्वॅबने ते १५ सेकंद चोळते आणि आपोआप वाळू देते. घाईने फुंकर मारली, की तोंडातले जंतू थेट त्यावर. हात धुताना अंगठे, बोटांची टोकं आणि दागिन्यांखालची जागा हमखास राहते, म्हणून ती अंगठी, बांगड्या आधीच उतरवून ठेवते.

आणि तिलाच सर्दी झाली तर? तिने येऊच नये. पण रोजावर काम करणाऱ्या बाईला खाडा परवडत नाही. त्या दिवसाचे पैसे घरच्यांनी किंवा एजन्सीने द्यायलाच हवेत. नाहीतर ती नाक पुसत पुढची बस पकडेल.